तपकिरी छत्री

भर उन्हात चौकात एखादी म्हातारी उभी दिसली, तर तुम्ही तिच्या डोक्यावर छत्री धराल की नाही? धराल. भली माणसं तुम्ही. म्हणूनच आधी ही गोष्ट ऐका, मग काय ती भलाई करा.

आमच्या चौकावर खांबाखांबावर कॅमेरे आहेत आणि त्यांच्या मागे एक बाई आहे. तिला सगळे घार म्हणतात. भिंतभर पडदे, खिडकी एकही नाही, आणि एसी असा की बाहेर डांबर वितळत असलं तरी ही आत स्वेटर घालून बसते. पाकीटमार गर्दीत शिरला की त्याचा हात खिशात जायच्या आधी हिचा हात फोनवर जातो.

"चेहरा कुठे दिसतो हो ताई," ती मला म्हणाली होती. "वरून नुसते भांग, टकलं आणि छत्र्या. आम्ही माणूस चालीवरून ओळखतो. चोर सरळ चालत नाही. प्रेमात पडलेलाही नाही. त्या दोघांत तेवढी गल्लत करायची नाही."

मी कॅमेऱ्यांच्या विरोधात होते. आजही अर्धी आहे. शाळेने मला लवकर सोडलं, कायदा मी रस्त्यावर शिकले. कॅमेरे लावणारे साहेब म्हणाले, "बाई, शहर सुरक्षित नको का तुम्हाला?" मी म्हटलं, "हवं. पण राखण चौकाची करा, माझ्या स्वयंपाकघराची नको!" घसा फोडला, टेबलं बडवली, तेव्हा कुठे एक गोष्ट पदरात पडली. चौकाकडे तोंड असलेल्या घरांच्या खिडक्या पडद्यावर काळ्या चौकोनाने झाकायच्या. कॅमेरा कुठेही फिरो, चौकोन खिडकीवरून हलत नाही. तो चौकोन माझा आहे, आणि त्याचा मला गर्व आहे. पुढे तोंड बंद व्हावं म्हणून त्यांनी मला देखरेख समितीवर घेतलं. तोंड काही बंद झालं नाही. पण दवाखान्याच्या पायऱ्यांवर कोसळलेला माणूस याच कॅमेऱ्याला दिसला आणि वाचला, हेही सांगते. खोटं मला पचत नाही.

घारीची आई त्याच चौकात सुया, दोरे, बटणं, इलॅस्टिक विकायची; सगळे तिला मावशी म्हणतात. लेकीचं सगळं शिक्षण त्या टोपलीतून निघालं. लेकीला नोकरी लागली तेव्हा मावशींनी अख्ख्या चौकाला दम भरला, "आता माझ्यावर माझ्या पोरीची नजर आहे. बोला कोण वाकडं बोलतंय ते!" घारही कामावर बसली की आधी आईची निळी छत्री शोधायची. दुपारी त्या छत्रीखालून एक हात बाहेर यायचा, बोटं जुळवून तोंडाकडे जायचा आणि वर प्रश्न करायचा: जेवलीस का? कॅमेऱ्याला मान डोलावता येत नाही. पण घार तेव्हाच डबा उघडायची.

मग आगीच्या बंबाच्या वाटेसाठी चौकात पांढरी रेषा मारली. रेषेबाहेर कुणी बसलं की कंट्रोल रूममधून कळवायचं आणि गाडी येऊन माल उचलणार. ज्या दिवशी व्हायचं त्या दिवशी मावशींच्या छत्रीची काडी मोडली होती. त्यांनी शेजारच्या रसवाल्याची तपकिरी छत्री मागून आणली. नेहमीच्या जागी पाणी साचलेलं, म्हणून टोपली हातभर पुढे सरकवली.

घारीने पाहिलं आणि सवयीने कळवलं, "तपकिरी छत्री, रेषेबाहेर." आणि लगेच ती दुसऱ्या पडद्यांवर निळी छत्री शोधायला लागली. आज आई आली कशी नाही? बरं नसेल का?

गाडी आली. टोपली हिसकावताना बटणं चौकभर सांडली. एक बाई कमरेवर हात ठेवून ती वेचायला वाकली, आणि त्या वाकण्यावरून घारीला कळलं.

ड्यूटी संपल्यावर ती धावत आईकडे गेली.

"पोटच्या पोरीने गाडी बोलावली माझ्यावर!"

"आई, तू दिसली नाहीस गं."

"गावभरचे चोर दिसतात आणि आई दिसत नाही?"

दार लागलं. मावशींनी चौक सोडला. चौकावरच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे. तिथल्या खिडकीशी बसून लोकांची बटणं लावून द्यायला लागल्या. आणि ती खिडकी काळ्या चौकोनाखाली.

घार माझ्याकडे आली. "ताई, त्या एका खिडकीवरचा चौकोन काढायला सांगा. मला फक्त तिला बघायचंय."

मी भडकले. "आज तुझी आई, उद्या साहेबाची शेजारीण! नाही म्हणजे नाही."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "मग तुम्ही बघून या. वाळलीय का, तेवढं सांगा."

माझा राग तिथेच विरला.

पण स्वतः पाहिल्याशिवाय मी कुणाची वकिली करत नाही. आधी कंट्रोल रूममध्ये गेले. रसवाला पडद्यावर कुठे होता? होता तो एक तपकिरी गोल. घारीची नजर मात्र घडीघडी कोपऱ्यातल्या त्या काळ्या चौकोनाकडे जायची. घारीचं चित्त पिलापाशी असतं म्हणतात. इथे पिलूच घार झालेलं.

"काय बघतेस तिथे?"

"काही नाही. तिथे दिसतच नाही ना काही."

मग मावशींकडे गेले. त्या खरंच वाळल्या होत्या.

"तिने पाठवलं?" सुईत दोरा ओवता ओवता त्यांनी विचारलं.

"मी कुणाच्या सांगण्याने हलत नाही. मावशी, मी पाहून आले. वरून तुम्ही नव्हताच. नुसती छत्री होती."

त्यांनी खिडकीतून कॅमेऱ्याच्या खांबाकडे पाहिलं. "मी रोज इथेच बसते. म्हटलं, रुसले तरी तिला दिसत तर असेन."

आता आली पंचाईत. "इथे नाही दिसत तुम्ही. ही खिडकी झाकलेली आहे."

"कुणी झाकली?"

"मी."

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुला दुसरे उद्योग नाहीत का गं?"

"आहेत. आणि ती उघडणारही नाही. दिसायचं असेल तर खाली उतरा."

"माझ्या गुडघ्यांना विचारलंस का?"

"तुम्हीच विचारा."

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या तडाख्यात मावशी जिना उतरल्या. छत्री नाही, डोक्यावर पदरसुद्धा नाही. दवाखान्यासमोरच्या खांबाखाली उभ्या राहिल्या, मान मागे टाकली आणि बोटं जुळवून हात तोंडाकडे नेला. कॅमेऱ्याचा काळा घुमट ढिम्म. उत्तर येईल म्हणून थांबल्या, मग कमरेवर हात ठेवून परत जिन्याकडे गेल्या.

संध्याकाळी घारीचा फोन आला. आधी नुसतं नाक ओढणं. मग म्हणाली, "वाळलीय हो. वरून पहिल्यांदाच चेहरा पाहिला तिचा."

"मग जा की घरी!"

"पुन्हा दार लावलं तर?"

आणि मावशी म्हणतात, "दार उघडंच आहे, पण हाक मी मारायची नाही." माझं दोघींशी भांडून झालं, दोघींचं मला हाकलून झालं. चौक कितीही सुरक्षित केला, तरी तो एक जिना चढायची भीती कुठला कॅमेरा घालवणार?

तोवर मावशी रोज दुपारी उतरतात. चौकातून जाताना खांबाखाली मान वर करून उभी म्हातारी दिसली, तर कळवळा येईल तुम्हाला. येऊ द्या. पाणी विचारा, जिन्यापर्यंत हात द्या. पण हात जोडते, तिच्या डोक्यावर छत्री धरू नका.