चुन्याच्या दोन फुल्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच ठाऊक नाही.

मी मोजणीचं काम करतो. सुप्याच्या पुढं एका बंद दगडखाणीचा कडा सरकतोय का, ते पाहायचं होतं. दोन जागी कॅमेऱ्याचे स्टँड लावायचे, दोन्हीकडून कड्याचे फोटो घ्यायचे आणि त्या जोडीवरून संगणकात कड्यावरची एकेक खूण मोजायची. खुणा म्हणजे आम्हीच मारलेल्या चुन्याच्या आठ फुल्या. सगळी भिस्त दोन स्टँडमधल्या अंतरावर. ते टेपनं दोनदा मोजायचं, जाताना आणि येताना. मी एकदाच मोजलं. ऊन मी म्हणत होतं. दुसरा आकडा वहीत तस्साच लिहिला, मिलिमीटरपर्यंत. टेप कधी इतकी जुळते का? जाणत्या माणसानं बघताक्षणी ओळखलं असतं.

दोन महिन्यांनी पुन्हा फोटो घेतले. सहा फुल्या जागच्या जागी. वरच्या दोन — चार बोटं पुढं आलेल्या. अंतर चुकलं असतं तर आठही चुकल्या असत्या. हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं! पण फरक कळवला की साहेब पहिली वही मागणार. मग मी त्या दोन फुल्या संगणकात हातानं मागं ओढल्या. अहवालात लिहिलं — हालचाल नाही.

स्टँड आणायला गेलो, तर कड्याखाली एकटी राहणारी हिराबाईमावशी दारात बोचकं बांधून बसलेली. काष्टी गावाला लेकीकडं निघाली होती.

"भाऊ, कडा हाललाय का वो? लेक लई मागं लागलीया, हितनं निघ म्हनून."

"न्हाई मावशी. बिनघोर ऱ्हा."

तिनं बोचकं सोडलं. त्यातलं पातेलं काढून माझ्यासाठी चहा ठेवला. तो मी प्यायलो.

श्रावणात, भर दुपारी कडा सुटला — त्या दोन फुल्यांपासूनच. मावशी घरात होती. लोक म्हणाले, पावसानं घात केला. मीही मान डोलावली.

दहाव्याला लेक माझ्यासमोर रडली. "किती येळा सांगितलं, निघ म्हनून. आय लई हट्टी, भाऊ. ऐकलंच न्हाई."



मावशी हट्टी नव्हती. ती निघाली होती. तिनं फक्त मला विचारलं.