अंबादासभाऊजींचे पाच रविवार

अंबादास मोहरीलांना मी कधी धावताना पाहिलं नाही. सकाळी फॅक्टरीचा दुसरा भोंगा झाला की आमच्या लाइनीतले बाकीचे पुरुष सायकली दामटत सुटायचे. हे मात्र हँडलला डबा अडकवून, सायकल हातात धरून चालत निघायचे. आणि तरी कधी उशिरा पोचले नाहीत. उंच, किडकिडीत माणूस. टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंड कातायचे. नखांतलं काळं तेल लग्नकार्यातसुद्धा निघालेलं नसे. या माणसाने जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला असेल असं कुणाला वाटलं नसतं, आणि लावलाही नव्हता. पण रांझी युनियन हा आमच्या क्वार्टर्समधल्या कामगारांचा क्लब, त्याची एकही मॅच त्यांनी एकोणीस वर्षांत चुकवली नव्हती.

क्लब तसा यथातथाच. एकोणीस वर्षांत एकदाही फायनलपर्यंत गेला नव्हता. भाऊजींची बायको शकुवहिनी आल्यागेल्याला सांगायच्या, “पोरीच्या बारशाला हे ग्राउंडवर होते. नाव मी ठेवलं म्हणून प्रतिमा झाली. ह्यांच्या हाती असतं तर पेनल्टी मोहरील झाली असती.” भाऊजी सुपारी कातरत हसायचे. नाही म्हणायचे नाहीत.

मैदानावर ओरडणारे पुष्कळ असतात. रेफरीच्या सात पिढ्या उद्धरणारे असतात, हरल्यावर आपल्याच पोरांना शिव्या घालणारे असतात. भाऊजी गोलच्या मागे उभे राहायचे. बोललेच तर कीपरला ऐकू जाईल एवढंच. आणि मॅच हरली की ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत यायचे. वाटेत मॅचचा विषय नाही. कुणाच्या सायकलची चेन उतरते, कुणाच्या नळाला पाणी येत नाही, असलं काहीबाही बोलत यायचे. दारात पोचला की म्हणायचे, “चलो, उद्या सरावाला ये.”

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली. खिडक्यांच्या काचांवर आम्ही खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, क्वार्टर्सच्या मागे खंदक खणले गेले, आणि फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी लागली. मशिनं रविवारीही थांबेनात. निम्म्या लोकांना रविवारची सुटी, निम्म्यांना बुधवारची, असं ठरलं. लीगच्या मॅचेस मात्र रविवारीच व्हायच्या, उजेड असेतो आटपायच्या. ज्या क्लबाचे अकरा जण उभे राहणार नाहीत त्याचं नाव कटेल, असं लीगवाल्यांनी कळवून टाकलं.

बाकीच्या खेळाडूंनी आपापल्या खात्यात कुणाकुणाला गाठून सुट्या बदलून घेतल्या. अडलं ते गोलकीपरवर. श्यामसुंदर आमचा कीपर, भाऊजींसारखाच टर्नर, आणि सुटी बुधवारची. आमचे हे फॅक्टरीच्या टाइम ऑफिसात होते, म्हणून नियम मला पाठ झाले होते. सुटी बदलायची तर दोघं एकाच कामाचे, एकाच ग्रेडचे हवेत, आणि अर्जावर दोघांच्या सह्या. त्या ग्रेडचे टर्नर तीनच: श्यामसुंदर, अंबादासभाऊजी आणि नथ्थू. रविवारची सुटी भाऊजींना आणि नथ्थूला. नथ्थू राहायला गढ्याला, आणि जन्माचा गढा स्पोर्टिंगचा, म्हणजे त्याच लीगमधल्या दुसऱ्या क्लबाचा. राहिले भाऊजी.

त्यांनी अर्जावर सही केली. ज्या माणसाने पोरीचं बारसं सोडलं पण मॅच सोडली नाही, तो आता रविवारी लेथवर उभा राहणार होता, आणि बुधवारी, मैदानावर नुसती गुरं चरत असताना, सुटी घेऊन घरी बसणार होता.

“अहो, मग ह्यात तुम्हाला काय मिळालं?” शकुवहिनींनी विचारलं.

“श्याम गोलात उभा राहिला नं.”

मॅच त्यांनी सोडली, पण मॅचची हकिगत सोडली नाही. संध्याकाळी पाळी सुटली की ते ओट्यावर बसायचे आणि मैदानावरून परतलेल्यांना बोलवून घ्यायचे. एकच अट होती. निकाल आधी सांगायचा नाही. पहिल्या शिटीपासून सुरुवात करायची. फरशीवर चिंचोके मांडायचे. अकरा आख्खे आमचे, अकरा फोडलेले समोरच्यांचे. संधिप्रकाशात, लढाईमुळे दिवा न लावता, ते बोटाने चिंचोके सरकवत ऐकायचे.

“थांब बे. बंडूने बॉल दिला तेव्हा त्यांचा लेफ्ट बॅक कुठं होता?”

“काका, आता ते कोण बघते?”

“मग नव्वद मिनिटं तू काय बघून राहिला होता?”

आम्ही बायका समोरच्या ओट्यावर लोकर विणत बसायचो, जवानांसाठी. ऐकता ऐकता मलासुद्धा ऑफसाइड कळायला लागला.

असे चार रविवार गेले. मधेच लढाई थांबली, पण पाळ्या तशाच राहिल्या. आणि दसऱ्याच्या सुमाराला ती गोष्ट घडली, जी एकोणीस वर्षांत घडली नव्हती. रांझी युनियन फायनलला पोचली. समोर गढा स्पोर्टिंग. दहा ऑक्टोबर, रविवार, शहरातलं मोठं मैदान.

क्लबाचे सेक्रेटरी रत्नाकर स्वतः मोहरीलांकडे आले. “अंबादासजी, यंदा तुम्ही या. तुमचा हक्क आहे. गोलात बापूला उभं करू.”

“बापूला? चष्मा काढला की बापूला बॉल काय अन् भोपळा काय, सारखंच दिसते.”

“पण एकोणीस वर्षं थांबलात नं तुम्ही या दिवसासाठी!”

“थांबलो. खोटं काहून बोलू?” भाऊजी म्हणाले. “पण मी येऊन गोल वाचणार आहे का? श्याममुळे वाचणार आहे.”

त्या बुधवारी सुटीच्या दिवशी ते सकाळीच सायकल काढून शहरात गेले आणि दुपारी जेवणाच्या वेळेला परतले. कुठे गेला होता म्हणून वहिनींनी विचारलं तर म्हणाले, “मोठ्या ग्राउंडवर. दक्षिणेकडच्या गोलसमोर खड्डा आहे. श्यामला सांगायला पाहिजे.” रिकामं मैदान बघायला हा माणूस एवढी सायकल मारून गेला, हे ऐकल्यावर शकुवहिनींनी मनाशी काहीतरी ठरवलं. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “उद्या जरा माझ्याबरोबर येता?”

गुरुवारी जेवणाच्या सुटीत आम्ही दोघी फॅक्टरीच्या गेटाशी उभ्या राहिलो. नथ्थू बाहेर आला. ठेंगणा, रुंद, मिशांना पीळ. शकुवहिनींनी पदर सावरून सरळच विचारलं. म्हणाल्या, “नथ्थू भैया, इतवार की छुट्टी श्याम को दे दो. बस ये एक इतवार. ये बोलेंगे नहीं, इसलिए मैं बोल रही हूँ.”

नथ्थूने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “भाभी, मना करूँ तो बुरा मत मानना. गढा के पीछे मैं भी बीस साल से घूम रहा हूँ. अंबादास की मशीन मेरी मशीन के बाजू में है. पाँच हफ्ते में उसने एक बार नहीं माँगा. जानता है, ये माँगने की चीज नहीं.”

घरी परततानाच मला वाटलं, हे भाऊजींच्या कानावर जाणार. गेलंच. त्यांचा चढलेला आवाज मी त्या एकाच दिवशी ऐकला.

“काहून गेलात तुम्ही त्याच्याकडे?”

“तुमच्यासाठी गेले! मला का हौस होती?”

“त्याचा क्लब नाही का तो? त्याचा पण फायनलच खेळून राहिला नं? माझा रविवार माझा आहे, मी देईन. त्याचा मागायचा आपल्याला काय अधिकार?”

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ते खाली बसले. म्हणाले, “तू गेली, ते माझ्या मनातलं ओळखून गेली. समजते मला. पण असं नाही करायचं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी टाइम ऑफिसात नथ्थूची माफी मागितली आणि तिथल्याच टेबलावर श्यामसुंदरच्या पाचव्या अर्जावर सही केली. हे आमच्या ह्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

रविवारी सगळी लाइन ओस पडली. क्वार्टर्समधले सुटीवाले पुरुष झाडून शहरात गेले. भाऊजी सकाळी नेहमीसारखे सायकल धरून पाळीला चालत गेले.

संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले तेव्हा आठ-दहा जण आधीच जमले होते. भाऊजींनी चिंचोके मांडले. “हं, पहिल्या शिटीपासून.”

मग सगळे एकदम बोलायला लागले. रेफरी गढ्याचा जावई होता. गोल ऑफसाइड होता. ऊन डोळ्यांवर होतं. एकाने चिंचोका इकडे ठेवला, दुसऱ्याने तोच तिकडे. भाऊजी वैतागले. “तुम्ही सगळे एकाच मॅचला गेला होता नं?”

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. नथ्थू. मैदानावरून सरळ गढ्याला, आपल्या लोकांच्या जल्लोषात जायचं सोडून तो उलट्या दिशेने रांझीला आला होता. खांद्यावर झेंडूची एक पाकळी चिकटलेली. शकुवहिनी दारातून आत निघून गेल्या. त्यांना वाटलं, हा जखमेवर मीठ चोळायला आला.

नथ्थू ओट्यावर मांडी घालून बसला. “शुरू से बताऊँ?”

“शुरू से.”

आणि त्याने सांगितलं. एक चिंचोका इकडचा तिकडे न करता, दोन्ही बाजूंचं, जसं झालं तसं. आमच्या बंडूने मारलेला गोल त्याने इतका मन लावून सांगितला की पोरं टाळ्या वाजवणार होती. श्यामसुंदरने अडवलेले तीन बॉल सांगितले. “तीसरा तो मैं समझा, गया. मैं तो उछल भी गया था. लेकिन पंजा लगा दिया उसने.” मग एक-एक अशी बरोबरी. मग शेवटची चार मिनिटं.

“गोल सही था, अंबादास. धीमी गेंद थी, बच्चा भी पकड़ ले. वो आगे आया, गड्ढे में पाँव मुड़ा, और गेंद बगल से निकल गई.”

भाऊजींनी फोडलेला चिंचोका हळूच गोलात सरकवला. “मुबारक हो,” ते नथ्थूला म्हणाले. वहिनींना चहा टाकायला सांगून ते हात धुवायला मोरीवर गेले. नथ्थूचा चहा पिऊन झाला तरी मोरीतलं पाणी वाहतच होतं. कुणी आत बघायला गेलं नाही.

मंगळवारी श्यामसुंदर आला. दोन दिवस तो शेजारच्या मशिनवर मान खाली घालून उभा होता म्हणे. हातात क्लबाचा हिरवा शर्ट, धुऊन घडी घातलेला. तो त्याने ओट्यावर ठेवला.

“काका, तुम्ही खड्ड्याचं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. ऐन वेळी डोक्यातून गेलं. तुमचे पाच रविवार मी मातीत घातले. आता हे तुम्हीच ठेवा, नाही तर बापूला द्या. मी नाही खेळत.”

भाऊजींनी शर्ट उचलला नाही. श्यामसुंदर निघून गेला. मला तर वाटलं, निदान ‘असू दे’ एवढं तरी म्हणायला हवं होतं.

त्याच आठवड्यात फॅक्टरीत नोटीस लागली. रविवारची सुटी पुन्हा सगळ्यांना. शकुवहिनी म्हणाल्या, “आठ दिवस आधी दिली असती तर काय बिघडलं असतं फॅक्टरीवाल्यांचं!” भाऊजींनी त्याच नोटिशीत खाली दुसरंच पाहिलं. रविवारी जवानांच्या मदतीसाठी रेल्वेच्या टीमशी मॅच ठरली होती, साधी, ना कपाची ना लीगची. त्या रविवारी सकाळी ते शर्ट घेऊन श्यामसुंदरच्या दारात गेले.

“हा मला आखूड होते,” म्हणाले. “तूच घाल. चार वाजता आहे.”

श्यामसुंदर म्हणे दारात उभा राहून आधी हसला आणि मग रडला. विनताने, त्याच्या बायकोने, हे आम्हाला नंतर सांगितलं.

मॅच आमच्याच रांझीच्या मैदानावर होती. महिला मंडळाने विणलेले मोजे-मफलर तिथे जमा करायचे होते, म्हणून शकुवहिनी आणि मी, आम्ही दोघीही गेलो. आदल्या रविवारी फायनलला हजारोंनी माणसं लोटली होती. त्या दिवशी मी मोजली, तेवीस. त्यांतही सात आमच्या मंडळाच्या. रेल्वेवाले तगडे होते. पहिल्या अर्ध्या तासात दोन गोल झाले. तिसरा झाला तेव्हा तेवीसचे चौदा उरले. चौथ्यानंतर रत्नाकरसुद्धा सायकलीचं कुलूप काढायला लागले.

शकुवहिनींनी सुया-लोकर पिशवीत भरली आणि गोलच्या मागे जाऊन म्हणाल्या, “चला आता. चार झाले. आणखी काय बघायचं राहिलं?”

भाऊजींनी मान वळवली नाही. “सात मिनिटं राहिली आहेत,” म्हणाले. आणि हलकेच पुढे, “श्याम, जरा डावीकडे. त्यांचा तो उंच पोरगा मोकळा सुटला आहे.”

श्यामसुंदर दोन पावलं डावीकडे सरकला. शकुवहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे. पिशवी खाली गवतात ठेवली आणि पदर खोचून त्याही तिथेच उभ्या राहिल्या.