फोनने पुसलेलं गोंदण

मंडळी, आज आईचं बारावं. ज्या फोनच्या कॅमेऱ्याचं कौतुक मी वर्षभर इथे तुम्हाला ऐकवलं, त्यातलाच तिचा फोटो लालबागला फ्रेम करून आणला, हार घातला.

करी रोडची मावशी आली. बराच वेळ बघून म्हणाली, "ही कोण रे?"

"आई."

"मगे कपाळावरचं गोंदण खंय गेलं तिचं? आम्ही दोघी बहिणींनी एकदमच गोंदवलेलं."

फोनने ते डाग समजून पुसलं होतं, सुरकुत्यांसकट. सगळे फोटो चाळले. एकातही गोंदण नाही. आई क्रीमच्या जाहिरातीतली बाई दिसते.

मावशीने त्या परक्या बाईला नमस्कार केला. मग मीही केला.

ज्यांची आई आहे, त्यांनी आजच फोनमधला फोटो तिच्याशेजारी धरून बघा. तीच आहे ना?