लांडग्याचं बारसं

आमच्या घरात नावावरून रक्त सांडायची पद्धत जुनी आहे. मी सहा-सात वर्षांची असेन. लालबागला आमच्या चाळीखाली पानाची गादी होती. तिथे उभ्या असलेल्या एका माणसाने वडिलांना मागून हाक मारली, "काय रे धोंड्या!" वडील गिरणीतून घरी येत होते, हातात जेवणाचा पितळी डबा. ते वळले आणि तो डबा त्यांनी त्या माणसाच्या तोंडावर हाणला. मी जिन्यात उभी होते. तो माणूस थुंकला तेव्हा पान कुठलं आणि रक्त कुठलं ते कळेना. वडील वर आले, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "डबो चेपलो. ठाकठीक करून घे."

कागदोपत्री वडिलांचं नाव वेगळं होतं, चांगलं देवाचं. धोंडू हे कोकणातलं, पाळण्यातलं नाव. त्यांच्या आधीची तीन भावंडं वर्षाची व्हायच्या आत गेली होती, म्हणून आजीने चौथ्याला धोंडू म्हटलं. दगडाला कोण नेणार? सटवाईने बघावं, नाक मुरडावं आणि पुढच्या घरी जावं, एवढाच हेतू. पण जो जगतो त्याला ते नाव वागवावं लागतं. शाळेत मास्तरांनी त्या नावावरून जे काही ऐकवलं असेल ते वडिलांनी कधी सांगितलं नाही. मुंबईत पाय ठेवल्यावर त्यांनी ते नाव टाकलं आणि आमच्या घरात तो शब्दच बंद झाला. आख्खी चाळ धोंड्याचा महिना म्हणायची, तेव्हा माझी आई जपून 'अधिक' म्हणायची.

मला एक भाऊ आहे आणि एक बहीण, दोघंही माझ्याहून लहान. बहीण सगळ्यात धाकटी. ती पर्यटकांच्या जहाजावर नोकरीला लागली आणि तिथल्या इंजिनखोलीत काम करणाऱ्या एका सर्बियन माणसाशी लग्न ठरवून घरी आली. तिने सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. त्यांनी समोरचं ताट उचलून भिरकावलं. स्टीलच्या ताटाची कड तिच्या भुवईवर बसली. लग्नाच्या प्रत्येक फोटोत तिच्या भुवईवर पट्टी आहे. मी पुढे बरेच दिवस वडिलांशी बोलले नाही. बोलले असते तर मीही काहीतरी फेकलं असतं, शेवटी मुलगी त्यांचीच.

लालबागचं दार बंद झाल्यामुळे जावई पहिल्यांदा आला तो माझ्याकडे, शीवला. दारात वाकून आत आला एवढा उंच. नाव यावोर. मी चहा दिला आणि विचारलं, याचा अर्थ काय?

"झाड," तो इंग्रजीत म्हणाला. मॅपलच्या जातीचं, डोंगरातलं. त्याची बहीण कालिना, ते लाल फळांचं झुडूप. आई यागोदा म्हणजे रानातलं बोरासारखं फळ. त्याचं गाव लिपोवात्स, तेही लिपा नावाच्या झाडावरून. आणि नदीपलीकडचं गाव वूच्ये, म्हणजे लांडग्यांचं.

मला हसूच आवरेना. म्हटलं, अरे, आमच्याकडे चिंचेवरून चिंचपोकळी, वडावरून वडाळा, परळसुद्धा म्हणे पाडळीच्या झाडावरून. तुमच्याकडे माणसं झाडं झाली, आमच्याकडे स्टेशनं झाली. त्याला हे इतकं आवडलं की पुढे तो मला फोनवर "हॅलो, चिंचपोकळी ताई" म्हणायला लागला. माणूस मला पहिल्या दिवसापासून पसंत होता.

मग तिकडे, सर्बियात, बहिणीची दोन मुलं गेली. पहिलं पोटातच. दुसरं जन्मल्यावर काही आठवड्यांनी, झोपेत. दुसऱ्या वेळी मी तिला फोन केला तर ती नुसती श्वास घेत होती, आणि मी शीवच्या बाजारात भाजीच्या पिशव्या घेऊन फूटपाथवर खाली बसले. तिसऱ्यांदा दिवस गेल्यावर तिने मला सांगितलं, "ताई, मला बाळंतपणाला माहेरी यायचंय. बाबांना विचार." मी विचारलं नाही. लालबागला जाऊन सांगितलं, "ती येतेय, आणि या वेळी ताटं मी आधीच उचलून ठेवणार आहे." आई तोवर गेलेली होती. वडील खिडकीकडे बघत म्हणाले, "येऊंदे."

मुलगा झाला. धडधाकट, पायाने पांघरूण झुगारणारा. पण माझी बहीण त्याच्याकडे बघेना. पाजायची, पण मान भिंतीकडे. लंगोट मी बदलायची. त्याला ती काही म्हणायची नाही. बाळ नाही, सोन्या नाही, काही नाही. "ते रडतंय बघ," एवढंच. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. वेळ देणं मला कधी जमलं नाही. एके दुपारी मी तिची हनुवटी धरून मान वळवायला गेले, तर तिने माझा हात असा झटकला की माझी बांगडी फुटली. "मी बघितलं की जातात," ती म्हणाली. मी जमिनीवरचे बांगडीचे तुकडे वेचले. मला खरोखर भीती वाटली, की हे पोर जगेल आणि तरीही त्याला आई मिळणार नाही.

यावोर आणि कालिना आले ते बारशाच्या आदल्या दिवशी. वडिलांनी जावयाला आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही. यावोरने नाव ठरवून आणलं होतं: वूक. म्हणजे लांडगा. त्यांच्या गावात जुनी समजूत, की पोरं खाते ती चेटकीण, आणि चेटकीण घाबरते फक्त लांडग्याला. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे मुलाला वूक म्हणतात.

माझ्या भावाने हे ऐकून घेतलं आणि उभाच राहिला. तो जिममध्ये शिकवतो. दंड मोठे, धीर छोटा. "लांडगा? माझ्या भाच्याचं नाव लांडगा? उद्या चाळीत पोरं त्याच्यावर भुंकतील, मग काय करू मी?" त्याने आणि वहिनीने थर्मोकोलची अक्षरं आधीच भिंतीला चिकटवून ठेवली होती. सध्या सगळ्यांच्या घरी असतं तसलं दोन अक्षरी गुळगुळीत नाव. बहिणीला विचारलं तर ती भिंतीकडे बघून म्हणाली, "काहीही ठेवा. मला विचारू नका." वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. लांडगा शब्द ऐकल्यावर त्यांनी यावोरकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, हे मी बघितलं.

बारशाला आमच्या एका खोलीत चाळीतल्या सगळ्या बायका मावल्या, उरलेल्या गॅलरीत. घुगऱ्या वाटून झाल्या. रीतीप्रमाणे आधी पाळण्यात वरवंटा निजवला, त्याला टोपडं घालून, काजळाची तीट लावून. पोर वरवंट्यासारखं घट्ट व्हावं म्हणून. मग त्याच्या शेजारी बाळ. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे कालिनाचा. मी तिला वहिनीची हिरवी साडी नेसवली होती. कानात कुर्र करायचं, मग नाव सांगायचं, हे तिला घोटून घोटून शिकवलं होतं. आत्या कानाशी वाकली की बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात, हे मात्र तिला कोणीच सांगितलं नाही. आपल्याकडे ते कोण कुणाला सांगतं? जन्मापासून बघत आलेलो असतो.

कालिना वाकली. "कुर्र" अगदी झोकात म्हणाली. मग खणखणीत: "वूक!"

बुक्के बसले. बहुतेकींचे लाडाचे. पण पलीकडच्या खोलीतल्या काकूंच्या मनात कालपासून लांडगा खदखदत होता, त्यांनी सगळा राग कालिनाच्या पाठीवर काढला. धप्प असा आवाज गॅलरीपर्यंत गेला. परक्या देशात, परक्या साडीत, भावाच्या मुलाच्या कानाशी वाकलेली बाई, आणि मागून मार. ती वळली आणि कोपर घातलं. काकूंचं नाक फुटलं. रक्त त्यांच्या पदरावर, पाळण्याच्या फुलांवर, खालच्या घुगऱ्यांवर.

पुढचं सगळं एकाच वेळी झालं. काकू "मेले गो!" म्हणून खाली बसल्या. भावाने कालिनाचा दंड पिरगळला. तिची किंकाळी ऐकून यावोर गॅलरीतून बायकांना ढकलत आत घुसला आणि त्याने भावाच्या जबड्यावर ठोसा मारला. भाऊ भिंतीवर आपटला, थर्मोकोलची अक्षरं अंगावर घेऊन परत उठला आणि यावोरच्या पोटात डोकं घालून त्याला समईवर पाडलं. तेल सांडलं. वहिनी झाडू घेऊन कुणाला मारत होती ते तिलाही ठाऊक नसावं. मी भावाचे केस धरले होते आणि जीव खाऊन ओढत होते. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटत होतं. त्या घरातली इतक्या वर्षांची सगळी ताटं मी त्या केसांतून वसूल करत होते.

भावाने मला झिडकारलं आणि तोल जाऊन तो पाळण्यावर गेला. पाळणा कलंडला. वरवंटा सरकला आणि त्याच्या मागून बाळ सरकू लागलं.

बहीण कॉटवर होती. बाराव्या दिवसाची बाळंतीण, टाक्यांची, कण्हत कूस बदलणारी. ती तिथून कशी उठली ते मला अजून सांगता येत नाही. वरवंटा भावाच्या पायावर पडला आणि त्याचं बोट मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाळ मात्र पडलं नाही. ते तिच्या हातात होतं. भाऊ तोल सावरायला पुन्हा तिच्यावर रेलला, तसे तिने त्याच्या दंडात दात रोवले. खोलवर, सुटता सुटेनात असे. तो गुरासारखा ओरडला. तिने तोंड उघडलं तेव्हा ओठांवर त्याचं रक्त होतं.

"हात नाही लावायचा," ती म्हणाली. "माझ्या वूकला कोणी हात नाही लावायचा."

आणि ती त्याच्याकडे बघत होती. छातीशी धरून, मान वाकवून, त्याचे डोळे, कान, बोटं, सगळं एकेक करून बघत होती. बाळ भोकाड पसरून रडत होतं.

तेवढ्यात वडील उठले. वाकून त्यांनी जमिनीवरचा वरवंटा उचलला आणि यावोरसमोर जाऊन उभे राहिले. यावोर गुडघ्यावर होता, साडेसहा फुटी माणूस वडिलांच्या छातीइतका. पितळी डबा मी पाहिला होता, ताट पाहिलं होतं. मी "बाबा, नको!" म्हणून ओरडले. कालिनाने दोन्ही हातांनी यावोरचं डोकं झाकलं.

"माजां नाव धोंडू," वडील म्हणाले.

मी जन्मात पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकत होते.

"माज्या आदीची तीन पोरां गेली. म्हणान आवशीन माका धोंडो केल्यान. लोक हसले. मी हसणाऱ्यांची तोंडां फोडलंय. पण मी जगलंय." त्यांनी वरवंटा बाळाच्या दिशेने केला. "ह्येका लांडगो होवंदे. कोण हसता ता मी बघतंय."

हे यावोरला कोणी भाषांतर करून सांगितलं नाही. वडिलांनी वरवंट्याचं टोपडं झटकून परत घातलं, पाळणा सरळ केला, वरवंटा आत ठेवला. मग बहिणीपुढे हात पसरले. ती देईना. त्यांनी तिच्या भुवईवरच्या जुन्या वणाकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. "तूच घाल गो," ते हळू म्हणाले. तिने बाळाला दगडाशेजारी निजवलं. कालिना पुन्हा कानाशी वाकली. या वेळी बायकांचे हात उठेनात. नाकाला पदर लावून बसलेल्या काकूंनीच शेवटी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि इतका हलका बुक्का मारला की कालिना रडायला लागली.

भावाचं बोट नीट जुळलं नाही. दंडावर दातांचे व्रण आहेत आणि जिममध्ये तो ते कुत्रा चावला म्हणून सांगतो.

वूक आता बोलतो. दर रविवारी लिपोवात्सहून व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा वडील इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. पोराला आजोबा म्हणता येतं, पण तो म्हणत नाही. पडद्यावर तोंड चिकटवून बोंबलतो, "धोंडू! ए धोंडू!" गेल्या महिन्यात हे ऐकून गॅलरीतून जाणारा तळमजल्यावरचा एक जण हसत म्हणाला, "काय धोंडूशेठ, बरे आहात ना?" वडिलांनी चप्पल काढून त्याला मारली. वय बघता नेम चांगला होता. मग वळून फोनपाशी आले आणि म्हणाले, "ओ. बोल रे माज्या लांडग्या."

पोर खिदळत होतं. त्याच्या मागे माझी बहीण उभी होती. मी "अगं, ऐकतेस ना?" म्हणून तिला दोनदा हाक मारली. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती.