फ्रेमला टिचकी

सायकलच्या दुकानात मी पुन्हा दोन्ही फ्रेमना टिचकी मारून पाहिली, माठ घेताना मारतात तशी. स्टीलची खणखणीत वाजली. टायटॅनियमची श्रीमंत पाहुण्यासारखी जेवढ्यास तेवढं बोलली.

"काका, तीन वर्षं नुसत्या टिचक्याच मारताय," दुकानदार म्हणाला. "टायटॅनियम घेऊन टाका. गंज नाही, काही नाही. तुमच्यानंतरही अशीच राहील."

हिमालयातल्या खडीच्या रस्त्यांवर कोणती फ्रेम टिकेल, हे मी तीन वर्षं वाचत होतो. मी किती टिकेन, हे वाचायचं राहिलं. आज सकाळीच डॉक्टरांनी खुब्याचा सांधा बदलायला सांगितला आणि सायकल कायमची बंद केली. नवा सांधा टायटॅनियमचा असतो म्हणे.

मी स्टीलला आणखी एक टिचकी मारली, आवाज विरेपर्यंत थांबलो आणि लंगडत पायऱ्या उतरलो.