शेंदूर खरवडलेलं इंजिन

इतकी वर्षं झाली, पण पोलीस ठाण्यातल्या टेबलावर ठेवलेलं मोटारसायकलचं ते छोटं इंजिन अजून डोळ्यांसमोर येतं. राज्य पुनर्रचना नुकतीच झाली होती. उज्जैनच्या कचेऱ्यांतली माणसं नव्या राजधानीला, भोपाळला, निघाली होती. मी ठाण्याचा अंमलदार होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो.

देवास गेटजवळचा एक कबाडी, म्हणजे भंगारवाला, सकाळीच खबर घेऊन आला. "साहब, एक बाबूजी इंजिन बेचने आए हैं. कहते हैं, पुर्जों के लिए ले लो. नंबर घिसा हुआ है."

नंबर घासलेला म्हणजे चोरीचा माल, हे आम्हाला पाठच होतं. इंजिन आणि बाबूजी, दोघांनाही ठाण्यात आणलं. पन्नाशीचे मराठी कारकून, टोपी हातात धरून बसलेले. पंचनामा झाला. वर्दीतला एक शिपाई मी त्यांच्या कचेरीत चौकशीला धाडूनही दिला.

"नंबर का घासलात?"

"नंबर नाही हो, शेंदूर काढला. गाडी माझ्या थोरल्या भावाची, तो गेला. दर खंडेनवमीला आमची आई इथल्या रीतीनं इंजिनाला तेल-शेंदूर चढवायची. देवाचा शेंदूर लागलेली वस्तू कबाड्याच्या हातोड्याखाली कशी द्यायची? म्हणून कानशीनं खरवडला. त्यात खालचा नंबरही घासला गेला असेल."

"वा! चोरीत देवालाही ओढलंत!" मी हसलो. गाडीचं नोंदणीचं पुस्तक घरी आहे म्हणाले, पण इंजिनावर नंबरच नाही तर ते ताडून कशाशी बघणार?

बाबूजी काकुळतीला आले. "साहेब, भोपाळच्या कचेरीत घ्यायच्या माणसांच्या यादीत माझं नाव आहे. शिपाई कचेरीत गेला म्हणजे ते आजच कापलं जाईल, नोकरी जाईल. घरी तीन मुली आहेत हो."

मी चपापलो. मिस्त्रीला बोलावून इंजिन रॉकेलनं धुऊन घेतलं. एका खाचेत कानस पोचली नव्हती. तिथला शेंदराचा थर त्यानं काडीनं उकरला, तेव्हा खाली नंबराचे शेवटचे तीन आकडे निघाले. निरोप धाडल्यावर बाबूजींच्या पत्नी पुस्तक घेऊन आल्या. आकडे जुळले.

"जा तुम्ही," मी म्हणालो. ते उठेनात.

"असं कसं साहेब? तिथं सगळ्यांनी शिपाई बघितला. तुम्ही लिहून द्या."

पोलिसानं स्वतःची चूक लिहून द्यायची? आधी राग आला. मग त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि टांगा मागवला. कचेरीत मोठ्या साहेबांपुढे उभा राहून, संशय चुकीचा होता आणि चूक माझी, असं सहीनिशी लिहून दिलं. सारी कचेरी माना वर करून बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी कागद वाचला, यादी पुढे ओढली आणि बाबूजींचं नाव होतं तसं ठेवलं.

त्यानंतर उरलेल्या सगळ्या नोकरीत, खात्री पटल्याशिवाय मी कुणाच्या कचेरीत वर्दीतला माणूस पाठवला नाही.