ग्रीसच्या डब्यावरचं कुंकू

शोभाताई मेश्राम. पॅकिंगला अकरा वर्षं. मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, अख्ख्या लाइनसमोर, सुपरवायझर गावंडे त्यांना म्हणाले, "तुह्या डोक्याचं तेल पावावर गळून राहिलं. घरी जाय. बोलावलं तरच ये." अन्यायाची वेळ लिहून ठेवायची असते. मी ठेवली.

मी कळमेश्वरच्या एका ब्रेडच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे पाव बिघडला की आधी मला विचारतात आणि मग माझं ऐकत नाहीत. त्या दिवशी पावांवर काळे ठिपके येत होते.

"सर, ताईंच्या डोक्यावर दोन टोप्या आहेत."

"मॅडम, खोबरेल हाय ते. कुठूनबी झिरपते."

खोबरेल काळं कधीपासून झालं, असं मी विचारलं. उत्तरादाखल नोटीस लागली: महिला कामगारांनी केसांना तेल लावून येऊ नये. पुरुषांची डोकी नोटिशीत नव्हती. बुधवारी सगळ्या बाया खराट्यासारखे केस घेऊन आल्या. ठिपकेही आले.

मी आधी रिलीज एजंट तपासलं. नाव मोठं, काम साधं: पाव साच्याला चिकटू नये म्हणून लावायचं तेल. घरी आपण केकच्या डब्याला तूप चोळतो ना, तेच. ते पाण्यासारखं स्वच्छ निघालं. मग मी शोभाताईंना फोन लावला.

"काय वं पोरी, आता आठवण आली? मी पाव मोजत मोजतच भरते. ठिपका दर सतराव्या पावाले येते. माह्या डोक्याले काय टायमर लावला हाय?"

मोजणारी बाई घरी बसवली होती आणि आम्ही खोबरेल शोधत होतो!

पावांच्या वरून एक साखळी फिरते. तिचा एक फेरा होईपर्यंत खालून सतरा पाव जातात. एक कडी ग्रीसने लडबडलेली दिसली. मी तिला खडूची खूण केली. खूण पावाच्या डोक्यावर आली की खाली टपकन ठिपका.

आता ग्रीस. खाण्याच्या पदार्थांच्या मशीनला फूड ग्रेड ग्रीस लावतात. ते खायचं नसतं. पण चुकून कणभर पावाला लागलं तर अपाय होऊ नये, असं बनवलेलं असतं. आमचं पांढरं आहे. ठिपके काळे. मी मॅनेजर साहेबांना घेऊन स्टोअरमध्ये गेले.

"फूड ग्रेडच वापरतो," गावंडे म्हणाले आणि डबा पुढे केला.

डब्यावर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू होतं, झाकणापासून सीलपर्यंत. सुकलेलं झेंडूचं फूलही. सील शाबूत. कुंकवाला तडासुद्धा गेला नव्हता.

"गावंडे, हा उघडला कधी?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हा कसा उघडू? उघडला तर ऑडिटले काय दाखवू?"

"मग साखळीला काय लावलं?"

"वाडीच्या गॅरेजातून आणलं. ट्रकचं हाय, पन एकदम मजबूत."

लाइन बंद झाली. ठिपक्यांचा सगळा माल नष्ट केला. साखळी धुतली. पांढऱ्या ग्रीसचा डबा उघडताना गावंडेंनी आधी हात जोडले. शुक्रवारी शोभाताई परत आल्या, वेणीला चौघींना पुरेल इतकं तेल थापून.

"काहून जी गावंडे, आज गळून राहिलं का?"

गावंडेंनी जाऊन भिंतीवरची तेलाची नोटीस फाडली. नोटीस निघाली. माफीचं पत्र मात्र निघालेलं नाही. ते मी मागितलं आहे आणि रोज मागते.

धडा एवढाच: ज्याची नुसती पूजा होते, ते वापरात नसतं.

आता तुम्ही. पावावर काळा ठिपका दिसला तर गुपचूप फेकू नका. पाकिटावरच्या नंबरावर फोन करा. साखळीला कोणतं ग्रीस लावता ते विचारा, डबा उघडलाय का तेही विचारा. आणि पलीकडचा माणूस बायांच्या केसांबद्दल बोलायला लागला, तर फोन ठेवू नका.